आत्याच्या जन्मतारखा

आमच्या आत्याला कुणी जन्मतारीख विचारली, की ती आधी विचारणाऱ्याचं तोंड नीट न्याहाळायची आणि मग खुशाल खोटी सांगायची. थाप मारताना माणूस जरा तरी अडखळतो, इकडेतिकडे बघतो. आत्याचं तसं नाही. चष्म्याच्या दुकानात दोन जानेवारी, औषधांच्या दुकानात सतरा मे, आणि ज्या व्यायामशाळेत ती जेमतेम आठवडाभर टिकली तिथे तीस सप्टेंबर. प्रत्येक दुकानाला वेगळी तारीख, प्रत्येक वेबसाइटला वेगळा ईमेल पत्ता, आणि कुठे काय सांगितलंय ते सगळं डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. "कागद काय, कुणीही वाचतं," असं म्हणायची.

ही खोड तिला नोकरीने लावली. ती आयुष्यभर ज्या ऑफिसात होती तिथे गावातली दुकानं, कारखाने, डॉक्टर, वकील यांची नावं, पत्ते, फोन गोळा करून दरवर्षी एक जाडजूड पुस्तक छापलं जाई. माणसं उन्हातान्हात दारोदार फिरून ही माहिती आणायची, आणि पुस्तक बाजारात आलं रे आलं की दुसरा एखादा छापखानेवाला ते जसंच्या तसं उचलून आपल्या नावाने विकायचा. त्यावर ऑफिसने एक तोड काढली होती. पुस्तकात चार-दोन खोटी दुकानं घुसवायची. नसलेल्या गल्लीत नसलेला छत्रीवाला. तो छत्रीवाला दुसऱ्याच्या पुस्तकात दिसला, की चोर सापडला. ही खोटी दुकानं काढायचं काम आत्याकडे होतं आणि ते ती फार मन लावून करायची. तिचा एक छत्रीवाला तर वर्षानुवर्षं धंदा करत होता. शेवटी गल्ली सापडेना म्हणून लोक मोडक्या छत्र्या घेऊन थेट ऑफिसात यायला लागले, तेव्हा तिने नाइलाजाने त्याचं दुकान बंद केलं. ही गोष्ट सांगताना तिला अजूनही वाईट वाटतं.

निवृत्त झाल्यावर माणसं फुलझाडं लावतात, नातेवाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. आत्याने घरातला कॉम्प्युटर राखायला घेतला.

घर तिचं स्वतःचं. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. आमचे आईबाबा गेल्यापासून माझा दादा तिच्याकडेच राहत होता, आणि लग्न झाल्यावर वहिनीही तिथेच आली. मी दोन गल्ल्या सोडून, माझ्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत राहते. पण माझं निम्मं आयुष्य आत्याच्या स्वयंपाकघरातच गेलं आहे.

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत होता, पाठ भिंतीला आणि तोंड सगळ्यांकडे, म्हणजे कुणी काय उघडलंय ते भाजी निवडता निवडता दिसावं. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. घरच्यांचं वायफाय वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. आणि पाहुण्यांत कोण मोडतं हे आत्या ठरवणार. मी बरीच वर्षं पाहुण्यांत होते. अपडेट आलं की हातातलं काम टाकून आधी ते. फोटो आणि कागदपत्रं दर रविवारी वेगळ्या डिस्कवर चढवायची, आणि लगेच ती डिस्क काढून कपाटात ठेवायची, कारण चोर घरात शिरलाच तर त्याला सगळं एका जागी मिळायला नको. कुणी नुसता माउसला हात लावला तरी आतून आवाज यायचा, "खबरदार, नको तिथे टिचकी मारलीस तर!" त्यावरून दादाने तिचं नाव खबरदार आत्या ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं, आणि आतून आवडतही होतं.

तिची टिंगल करायची सोय नव्हती, कारण ती बरोबर निघायची. एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर कसल्यातरी गुंतवणुकीचं मेल आलं. तारीख दोन जानेवारी. आत्याने पायात चपला सरकवल्या आणि थेट चष्मेवाल्याचं दुकान गाठलं. त्याने आधी कानांवर हात ठेवले. आत्या गिऱ्हाइकांसमोर खुर्चीत ठिय्या मारून बसली, तेव्हा कुठे सगळी नावं एका जाहिरातवाल्याला दिल्याचं त्याने कबूल केलं.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा. खालच्या मजल्यावर एक घड्याळजी राहतात, म्हणजे घड्याळं दुरुस्त करायचे, आता डोळे अधू झालेत. त्यांच्या स्क्रीनवर एकदा लालभडक पाटी आली, भोंगा वाजायला लागला, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' घड्याळजींनी फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलत बोलत कॉम्प्युटरचा ताबा घ्यायच्या बेतात होता, इतक्यात भोंगा ऐकून आत्या खाली उतरली आणि तिने भिंतीतला प्लगच उपटला. घड्याळजी वाचले. पण नंतर आत्याने त्यांना जे सुनावलं ते सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं. "केस पिकले, अक्कल कधी पिकणार? तो म्हणाला आणि तुम्ही केलंत? उद्या म्हणेल खिडकीतून उडी मारा!" घड्याळजी शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून उभे होते. वहिनी नेमकी तेव्हाच कामावरून येत होती. ती हातातली पिशवी घेऊन जिन्यात थांबली होती, तिनेही सगळं ऐकलं.

वहिनी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर चढवायची. बोलायला मऊ, हसायला तयार, आणि आत्याच्या मते जरा धांदरट. तरी आत्याचा तिच्यावर जीव होता. वहिनीची आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे तीही आत्याला धरून असायची. दर मार्चमध्ये एकदा वहिनी अर्धी रजा टाकायची आणि दोघी 'चष्म्याच्या कामाला' जायच्या, ते संध्याकाळ करून परत. चष्मा तोच. दादा विचारायचा, "एवढा वेळ कसला नंबर तपासत होतात?" दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

तर त्या शनिवारी सकाळी मी आत्याकडे पडद्यांची मापं घ्यायला गेले होते. दादा आणि वहिनी कामावर. आत्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी. तिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि स्पीकर लावला. असल्या फोनवाल्यांना बोलत ठेवायचं, त्यांचा वेळ खायचा, हा तिचा छंद होता. एकाला तिने आपली मांजर किती हुशार आहे ते सांगून सांगून रडकुंडीला आणलं होतं. तिच्याकडे मांजर नव्हती.

"नमस्कार मॅडम, बँकेच्या कार्ड विभागातून बोलतोय. आपलं कार्ड आज बंद होणार आहे, ते चालू ठेवण्यासाठी थोडी खात्री करून घेतो."

"करा की," आत्या म्हणाली. "मी काय, बसूनच आहे."

"आपली जन्मतारीख नऊ मार्च. बरोबर ना, मॅडम?"

मी मांजरीची वाट बघत होते. पण आत्याने सरळ फोन बंद केला. तिचा चेहरा असा उतरला होता की मी हातातली टेप खाली ठेवली.

"काय गं? बँकेचाच होता का?"

"बँकेचा कसला. बँकेकडे खरी तारीख आहे." तिने फोन बाजूला सारला. मग म्हणाली, "घरातून फुटलंय."

"काय फुटलंय?"

"तुझ्या वहिनीकडून फुटलंय. कसं ते विचारू नकोस. मला कळतं."

मी नऊ मार्च ऐकून मनात हसले होते, ते एका कारणाने. मला आत्याची खरी तारीख माहीत होती. दुकान सुरू केलं त्या दिवशी तिने मला जवळ बसवून ती सांगितली होती, एकवीस ऑगस्ट. "तुझा बाप गेल्यावर हे जाणणारी तू एकटी. दादालाही सांगायचं नाही." आमच्याकडे वाढदिवस करायची पद्धत बाबांच्या वेळेपासूनच नव्हती, त्यामुळे कुणी विचारायचंही नाही. मी दर एकवीस ऑगस्टला तिच्यासाठी गुपचूप उशीचे अभ्रे शिवून न्यायचे. नऊ मार्च ही तिने वहिनीमार्फत कुठेतरी दिलेली एखादी खोटी तारीख असणार, गॅससाठी नाहीतर विजेच्या बिलासाठी, असं मी धरून चालले.

दुसऱ्याच दिवशी आत्याने घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला आणि वहिनीच्या फोनवर पाहुण्यांचा घातला. "राउटर बिघडलाय, सध्या हाच वापर," असं तिला सांगितलं. वहिनी बरं म्हणाली. बँकेचे, मेलचे, सगळे पासवर्ड बदलले गेले. कपाटाची किल्ली आत्याच्या कमरेला आली. ती आता बैठकीच्या खोलीत खुर्ची थोडी तिरकी करून बसायची, म्हणजे वहिनीच्या खोलीचं दार दिसावं.

आणि दिसण्यासारखं खरंच होतं. वहिनी फोन आला की गॅलरीत जायची आणि मागे दार लोटून घ्यायची. जेवताना फोन पालथा ठेवायची. एकदा तिने लॅपटॉप उघडला होता, आत्या पाणी प्यायला उठली तर तिने तो झटकन मिटला. ती वाळली होती, हसायचं विसरली होती. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "दवाखान्यात काम जास्त आहे." दादाला बायकोचे केस कापलेले दिसायलाही तीन दिवस लागतात, त्याच्या साक्षीला काय अर्थ.

संशयाला एकदा घरात घेतलं की तो सगळ्यांच्या ताटात जेवतो. मी आधी आत्याला समजावत होते, "अगं, वहिनी तसली नाही." मग वहिनी माझ्या दुकानात ब्लाउज न्यायला आली, तेव्हा तिचा फोन वाजला आणि तिने नाव बघून तो पर्समध्ये कोंबला. माझ्या मनात पाल चुकचुकली. कुणाच्या नादी लागली असेल? कुणी धमकावतंय का? पैशांची अडचण? जिच्याशी मी बहिणीसारखी वागत होते तिच्या पर्सकडे मी टक लावून बघत होते, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

सगळ्यावर कडी झाली ती एका संध्याकाळी. वहिनीने आत्याला चहा आणून दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, तुम्हाला एवढ्यात बँकेतून कुणाचा फोनबिन आला होता का?"

आत्याने कप खाली ठेवला. "नाही बाई. का गं?"

"नाही, उगीच. हल्ली फार येतात म्हणून."

वहिनी आत गेल्याबरोबर आत्याने मला फोन लावला. "आता ती अंदाज घेतेय. लागला का मासा गळाला, बघतेय. मी काही हिला पोलिसांत देणार नाही, आपलंच माणूस आहे. पण माझ्या घरात नको. तू दादाशी बोल. म्हणावं, दुसरं घर बघा."

दादाशी मी बोलले नाही. काय बोलणार होते? तुझी बायको घरभेदी आहे, पुरावा आत्याच्या डोक्यात आहे? मी दोन-तीनदा त्याच्यापर्यंत गेले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. आत्या रोज विचारायची, "बोललीस का?" शेवटी तिचा धीर सुटला आणि एका रविवारी दुपारी, जेवणं आटोपून आम्ही चौघं बसलो असताना, तिने स्वतःच सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

"सूनबाई," ती म्हणाली. एरवी ती वहिनीला सूनबाई कधीच म्हणायची नाही. "माझी माहिती तू कुणाला दिलीस?"

वहिनीने आधी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मग ती घळाघळा रडायला लागली. आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, म्हटलं नव्हतं मी?

"मी दिली नाही," वहिनी म्हणाली. "माझ्यामुळे गेली. दवाखान्यात एक मेल आलं होतं, पेशंटचा एक्स-रे आहे म्हणून. दिवसाला दहा येतात तशी. मी उघडलं. आणि दुसऱ्या दिवशी काही उघडेनाच. सगळ्या पेशंटची माहिती त्यांनी नेली, आत्या. नावं, फोन, तारखा, सगळं. डॉक्टर म्हणाले, बाहेर एक शब्द काढायचा नाही, दवाखाना बुडेल. पेशंट फोन करतात, आम्हाला कसले कसले फोन येतायत म्हणून, आणि मी त्यांना खोटं सांगते. डॉक्टरांचे फोन घरी येतात. मला झोप नाही."

"पण माझी माहिती तिथे कशी गेली?"

"तुमची दाढ काढली नव्हती का आपण? तुम्ही तोंड उघडून खुर्चीत बसला होतात, कापूस भरलेला, तुम्हाला विचारता येत नव्हतं. मग मीच सगळं भरलं. मला माहीत होतं ना."

दादाला हसू आलं होतं, ते त्याने गिळलं. माझा मात्र जीव भांड्यात पडला. म्हणजे एवढंच! आत्याचाही आवाज खाली आला.

"अगं मग मला सांगायचं नाही का? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तुझ्याबरोबर येऊन त्या डॉक्टरचे कान उपटले असते. लोकांना आधी कळवायला लावलं असतं. एवढी वर्षं मी हेच तर करतेय."

"तुम्हाला सांगू?" वहिनीने डोळे पुसले. "घड्याळजींना तुम्ही काय बोललात ते मी जिन्यात ऐकलंय. ते तर शेजारी. मी घरातली. मला रोज ऐकावं लागलं असतं."

तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. दादा तर "चला, चहा टाकूया" म्हणत उठलाही होता. पण वहिनीच्या मनात एक प्रश्न उरला होता आणि तो तिने अगदी साधेपणाने विचारला.

"पण आत्या, म्हणजे तुम्हालाही फोन आला होता. त्या माणसाने तारीख सांगितली असेल, नाव सांगितलं असेल. त्यावरून माझ्याकडूनच गेली हे तुम्हाला कसं कळलं?"

इथे आत्याने गप्प बसायला हवं होतं. पण जन्मभराची कारागिरी होती ती, आणि कुणीतरी तिच्याबद्दल विचारत होतं.

"कारण नऊ मार्च मी फक्त तुलाच दिली होती."

"दिली होती म्हणजे?" वहिनी म्हणाली.

मग दादा, हातात चहाचं पातेलं घेऊन दारातच उभा, म्हणाला, "नऊ मार्च? आत्या, तुझा वाढदिवस चार नोव्हेंबरला असतो ना? तू मला सांगितलं होतंस. कुणाला सांगू नको म्हणालीस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एकवीस ऑगस्ट. माझे अभ्रे. त्या घरातल्या प्रत्येक उशीवर माझा अभ्रा होता, आणि बाबांनंतर जाणणारी मी एकटी होते! मी ओरडलेच, "म्हणजे आम्हीसुद्धा चष्मेवाले काय?"

"तसं नाही गं," आत्या म्हणाली. ती आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होती. "घरातूनच जास्त फुटतं. मुद्दाम नाही, चुकून. मग कुठून फुटलं ते कळायला नको? बघ ना, कळलंच की."

वहिनी रडायची थांबली होती. ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

"म्हणजे नऊ मार्चला तुमचा वाढदिवस नसतोच."

"नाही."

"मी दरवर्षी अर्धी रजा टाकायचे. चष्म्याच्या नावाखाली आपण बागेत जाऊन बसायचो. मला वाटायचं, आत्यांनी पोटच्या पोरीसारखं मला एक गुपित दिलंय. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. मी ते ह्यांनाही सांगितलं नाही." दादाकडे तिने नुसता हात केला. "त्या बाकावर तुम्ही मला तुमच्या आईबद्दल सांगायचात. ती वेणी कशी घालायची, कशी ओरडायची. तेही असंच?"

"ते खरं होतं," आत्या म्हणाली. "ते सगळं खरं होतं."

"ते मी कसं ओळखायचं?" वहिनी म्हणाली, आणि उठून आत गेली.

दुसरं घर बघा, हे कुणाला सांगायची वेळच आली नाही. वहिनीनेच बघितलं. दवाखान्याची नोकरी तिने आठवडाभरात सोडली. सोडण्याआधी काउंटरवर बसून एकेका पेशंटला फोन करून खरं काय ते सांगितलं, डॉक्टर समोर उभे राहून थयथयाट करत असताना. हे तिने आम्हाला आधी सांगितलं नाही, नंतरही फारसं नाही. दुसरी नोकरी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला मिळाली, म्हणून घरही तिकडेच, असं ती म्हणायची. आत्याशी बोलताना आवाज चढवायची नाही. औषधं वेळेवर द्यायची, गुडघ्याला शेक द्यायची. फक्त आत्याने काही विचारलं, की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची.

आत्याने वायफायचा पासवर्ड तिला परत दिला. तो तिने फोनमध्ये घातलाच नाही. पाहुण्यांचंच वापरत राहिली.

आत्या ह्या दिवसांत माझ्या दुकानात येऊन बसायची. मी मशीन चालवायचे, ती चिंध्या निवडायची. मीही तिच्यावर रुसले होते, पण माझा राग फार टिकत नाही; तिच्यावर तर नाहीच. "तिला जाऊ नको म्हण ना," मी म्हणाले. "एवढं काय जड आहे?" आत्या म्हणाली, "कुठल्या तोंडाने म्हणू? मीच तिला काढणार होते." ते मात्र वहिनीला अजून ठाऊक नव्हतं, आणि मी तर जन्मात सांगणार नव्हते.

सामान हलवायच्या दिवशी मी सकाळीच गेले. दादा खाली टेम्पोत कपाट चढवत होता. स्वयंपाकघरात वहिनी डबे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवत होती. आत्या आपल्या खोलीतून आली. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. तिच्या हातात तिचं ओळखपत्र होतं. आम्ही कुणी ते कधी पाहिलेलं नव्हतं. ते कायम तिच्या कुलुपात असायचं.

"हे बघ," तिने ते वहिनीपुढे धरलं. "ही खरी. सरकारी आहे. ह्यात थाप नाही."

हे आत्याचं 'जाऊ नको' होतं. मला ते कळलं, वहिनीलाही कळलं असावं, कारण तिचा हात डब्यावर थांबला. पण तिने कार्डाकडे बघितलं नाही. बघत होती ती आत्याच्या तोंडाकडे.

"नको, आत्या. ठेवा ते आत."

"अगं, बघ तरी. तुलाच पहिल्यांदा दाखवतेय."

"म्हणूनच नको. उद्या कुठून फुटली, तर तुम्ही आधी माझ्याकडे बघाल."

"नाही बघणार."

"बघाल. तुम्हाला नको असलं तरी बघाल. आणि मलाही रोज वाटत राहील, ही तरी खरी आहे की हीसुद्धा माझ्यापुरती आहे. मला माहीत नसलेलीच बरी." ती हे चिडून बोलली नाही. उरलेले दोन डबे तिने गुंडाळले, खोकं बंद केलं आणि चिकटपट्टी आणायला बाहेरच्या खोलीत गेली.

आत्याचा हात तसाच पुढे राहिला होता. मी जाऊन तो धरला. कार्ड माझ्या डोळ्यांसमोरच होतं. मी बघितलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी बघितलं.

दिवस आणि महिना आजचा होता.

मी तोंड उघडणार तोच आत्याने माझा हात घट्ट दाबला. "तिला सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "थांबली तर कीव येऊन थांबेल." मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की माझं मलाच कळेना. जगात कुणालाच ठाऊक नसलेला वाढदिवस सांभाळत ही बाई इथवर आली, आणि आज तो द्यायला निघाली तर घेणारं कुणी नाही.

वहिनी परत आली. तिने खोक्याला पट्टी मारली, पदर खोचून ते उचललं. दारात ती क्षणभर थांबली.

"येते, आत्या. गुडघ्याचं औषध फ्रिजवर ठेवलंय."

आत्याने कार्ड साडीच्या आत सरकवलं. "हो. जा सावकाश," ती म्हणाली. "दार मी लावते."